गजन पिनचं लॉक: पाऊण ग्रॅमचा हिशेब

जुनी बुलेट, जावा किंवा चेतक हिचं इंजिन पूर्ण उघडायचं ठरलं की खर्चाचा अंदाज लगेच तयार होतो. ब्लॉकचं बोअरिंग, नवं पिस्टन किट, रॉडची बुश, क्रँकची बेअरिंगं, ऑइल सील, पॅकिंगचा संच. या अंदाजात, पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनच्या लॉकांना वेगळी ओळ मिळत नाही. ती पिस्टनच्या खोक्यातच एका पुडीत येतात आणि मजुरीतही त्यांचा आकडा वेगळा धरलेला नसतो. साहजिकच ती बसवण्याचं काम हाताच्या सवयीवर सोडलं जातं. इथे मांडायचा मुद्दा असा, की लॉक निसटतं तेव्हा दोष क्वचितच त्या तारेच्या पोलादाचा असतो. निसटण्याचं कारण बहुतेक वेळा ब्लॉक चढवण्याआधीच तयार झालेलं असतं: लॉक निवडताना, खोबण साफ करताना, लॉकचं तोंड कुठे ठेवायचं ते ठरवताना, किंवा ते आत घालताना गरजेपेक्षा जास्त दाबताना. ते टाळायची संधीही याच टप्प्यावर असते. एकदा ब्लॉक खाली बसला की लॉक डोळ्यांआड जातं, आणि ते पुन्हा दिसतं ते हेड-ब्लॉक उतरवल्यावरच.

आधी लॉकचं काम नेमकं काय, ते पाहू. या इंजिनांत गजन पिन पिस्टनच्या भोकातही फिरू शकते आणि रॉडच्या बुशमध्येही. दोन्हीकडे मोकळी असल्यामुळे ती सगळ्या बाजूंनी सारखी झिजते. पण याच मोकळेपणामुळे ती आडवी सरकायलाही मोकळी असते, आणि तिला अडवतात ती भोकाच्या दोन्ही टोकांच्या खोबणीत बसलेली लॉकं. सरकून बाहेर आली तर पिनचं कडक केलेलं टोक बिडाच्या ब्लॉकवर घासतं आणि पिस्टनच्या प्रत्येक फेरीत एक उभी चर खोल होत जाते. बुलेट ३५० चा स्ट्रोक ९० मिलिमीटर आहे. तेवढ्या लांबीची खोल चर पडली तर पुढच्या ओव्हरसाइझचं बोअरिंगही पुरत नाही, ब्लॉकला स्लीव्ह मारावी लागते. लॉकचा तुकडा पडला तर टू-स्ट्रोकमध्ये आणखी वाईट, कारण तिथे खालचं चेंबर हाच मिश्रणाचा पंप असतो. चेंबरमध्ये पडलेला तुकडा ट्रान्स्फर पोर्टमधून वर पिस्टनच्या डोक्यावर पोहोचू शकतो. सगळ्याच जुन्या इंजिनांना ही लॉकं नसतात हेही लक्षात ठेवावं. काही इंजिनांत पिन रॉडमध्ये दाबून बसवलेली असते, काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत रॉडचं वरचं तोंड बोल्टने आवळून पिन पकडलेली असते, तर काहींत पिनच्या दोन्ही टोकांना पितळेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मऊ टोप्या असतात. आपल्या इंजिनात यांपैकी काय आहे ते उघडल्याबरोबर पाहावं. पुढचं सगळं फक्त लॉकवाल्या पिनला लागू आहे.

रॉड सरळ असेल आणि क्रँक खरी फिरत असेल तर पिन बाजूला फारशी ढकलत नाही. म्हणजे निरोगी इंजिनात लॉकवर पिनचा भार नगण्य असतो. मग लॉकला ताण येतो कुठून? स्वतःच्या वजनातून. दीड मिलिमीटर जाडीची, सुमारे ५० मिलिमीटर लांबीची पोलादी तार घेतली तर तिचं वजन पाऊण ग्रॅमच्या आतच भरतं. आता बुलेट ५,००० आरपीएमवर चालते आहे असं धरा. क्रँकची त्रिज्या ४५ मिलिमीटर आणि रॉडची लांबी त्रिज्येच्या साधारण चौपट धरली, तर पिस्टन वरच्या टोकाला थांबून परत फिरताना त्याचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दीड हजार पट होतो. त्या क्षणी ती पाऊण ग्रॅमची तार स्वतःच्या खोबणीला किलोभर वजनाच्या जोराने वर ढकलत असते. अर्ध्या फेरीनंतर, पिस्टन तळाला असताना, तीच तार खाली फेकली जाते. खालचा झटका थोडा सौम्य असतो: वरचा ५ धरला तर खालचा ३. दर मिनिटाला ५,००० फेऱ्या म्हणजे तासाला ३ लाख. इतक्या वेळा उलटसुलट ओढ सोसणाऱ्या तारेवर प्लायरचा एक ओरखडा किंवा एक वाकलेलं टोकही पुरेसं ठरतं. भेग तिथूनच सुरू होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘आमच्याकडे वर्षानुवर्षं जुनीच लॉकं पुसून परत टाकतात, कधी काही झालं नाही.’ हा अनुभव खोटा नाही, पण तो कुठल्या इंजिनांवर मिळाला ते पाहायला हवं. शेतावरच्या पंपावर आणि पिठाच्या गिरणीवर ज्यांनी उमेदवारी केली, त्यांच्या हाताला सवय लागली ती संथ इंजिनांची. सहा हॉर्सपॉवरचं जुन्या घडणीचं लिस्टर इंजिन ६५० आरपीएमवर चालतं. त्याचा स्ट्रोक जवळजवळ १४० मिलिमीटर, तरी पिस्टनचा वरचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या चाळीसएक पटच भरतो. किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं एव्ही-१ हे १,५०० आरपीएमवर चालणारं, ११० मिलिमीटर स्ट्रोकचं. तिथे हा आकडा पावणेदोनशेच्या आसपास जातो. बुलेट ५,००० वर नेली की तो दीड हजारापुढे, आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकची जावा २५० जोरात पळवली की अकराशे-बाराशेच्या घरात. झटका वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे दिसायला सारख्या असणाऱ्या दोन लॉकांवरच्या ताणात कितीतरी पटींचा फरक पडू शकतो. संथ डिझेल इंजिनात चालून गेलेली ढिलाई मोटरसायकलमध्येही चालेल, हा निष्कर्ष म्हणूनच टिकत नाही. शिवाय लॉक काढताना तारेला खोबणीबाहेर यावं इतकं आत दाबावं लागतं. स्प्रिंगच्या पोलादाची परत मूळ आकारात यायची ताकद त्यात थोडी तरी खर्च होते. किती खर्च झाली हे डोळ्यांनी कळत नाही, आणि म्हणूनच काढलेलं लॉक पुन्हा वापरायचं नाही हा नियम सरसकट पाळणं शहाणपणाचं. ‘ढिलं झालंय तर हाताने थोडं फाकवून घेऊ’ हा उपायही चुकीचा. फाकवलेली तार गोल राहत नाही. ती खोबणीला दोन-तीन ठिकाणीच टेकते आणि मधल्या भागात अधांतरी राहते.

दुसरा प्रश्न तोंडाचा, म्हणजे तारेच्या दोन टोकांमधल्या फटीचा. ही फट घड्याळातल्या ६ किंवा १२ च्या जागी, म्हणजे खाली किंवा वर ठेवावी, ३ किंवा ९ च्या जागी ठेवू नये, असं अनेक पिस्टन बनवणारे सांगतात. यामागचं कारण वरच्या हिशेबातच आहे. फट बाजूला असेल तर तारेचा एक पाय वर येतो आणि एक खाली. पिस्टन वरच्या टोकाला असताना वरचा पाय खोबणीत दाबला जातो, पण खालचा पाय खोबणीतून उचलला जातो. तळाला नेमकं उलट होतं. म्हणजे प्रत्येक फेरीत एकदा तरी कुठला ना कुठला पाय मध्याकडे ओढला जातो, आणि ही ओढ पायाच्या जास्तीत जास्त लांबीच्या तरफेवर काम करते. फट खाली ठेवली की दोन्ही पाय सममित लटकतात. वरच्या टोकाच्या मोठ्या झटक्यात ते बाहेर, म्हणजे खोबणीतच, उघडू पाहतात. आत मिटण्याची ओढ त्यांना फक्त तळाच्या सौम्य झटक्यात बसते, तीही आखूड तरफेवर. फट वर ठेवली तर मिटण्याची ओढ मोठ्या झटक्यात येते, पण तरफ तरीही आखूडच असते. त्यामुळे वर हीही जागा बाजूपेक्षा बरीच सुरक्षित. मॅन्युअलमध्ये स्पष्ट काही सांगितलं नसेल, तर फट खाली ठेवावी.

इथे एक अडचण हमखास येते. लॉक काढायला सोपं जावं म्हणून बऱ्याच पिस्टनच्या भोकाच्या काठावर एक छोटी खाच कोरलेली असते. तारेचं तोंड या खाचेवर येऊ देऊ नये असं कितीतरी सर्व्हिस मॅन्युअल बजावतात, कारण खाचेच्या जागी खोबणीची भिंत तुटलेली असते आणि तिथे आलेल्या टोकाला मागून आधार मिळत नाही. खाच खाली असेल तर तोंड वर करावं आणि खाच वर असेल तर खाली. दोन्ही नियम एकदम पाळता येतात. ‘लॉक आत फिरतंच, मग तोंड कुठेही ठेवलं तरी काय?’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर असं, की बरोबर मापाची, ताण असलेली तार खोबणीत सहज फिरत नाही. उघडलेल्या इंजिनात लॉक आपल्या जागेवरून फिरलेलं दिसलं तर ती ढिलाईची खूण समजावी. तोंडाची जागा गैरलागू असल्याचा तो पुरावा होत नाही. अर्थात, आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलने वेगळी जागा नेमून दिली असेल तर तीच पाळावी. बनवणाऱ्याला पिस्टनचा आणि रॉडचा जो तपशील ठाऊक असतो तो आपल्या ढोबळ हिशेबात येत नाही.

आता लॉकची जात. ढोबळमानाने दोन प्रकार हाताशी येतात. एक गोल तारेचं, कधी साधं तर कधी टोकाला आत वळवलेली शेपटी असलेलं. दुसरं पत्र्यातून ठोकून काढलेलं चपटं सर्क्लिप, ज्याच्या दोन टोकांना प्लायरसाठी डोळे असतात. गोल तारेसाठी खोबणीचा तळ गोलाकार असतो आणि चपट्यासाठी चौकोनी. एकाच्या खोबणीत दुसरं बसल्यासारखं वाटतं, पण ते टेकतं फक्त कडेवर. पिनची टोकंही याच हिशेबाने बनवलेली असतात. गोल तारेबरोबर येणाऱ्या काही पिनांच्या काठाला उतार दिलेला असतो, जेणेकरून पिन बाजूला सरकलीच तर त्या उतारामुळे तार खोबणीत आणखी रुतावी. उतार असलेली पिन चपट्या सर्क्लिपबरोबर वापरली तर तोच उतार रिंगच्या आतल्या काठाला पाचरीसारखा लागतो. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या ऑपेरा हाऊसला सुटी लॉकं मिळतात, पण ‘बुलेटचं’ किंवा ‘जावाचं’ एवढंच सांगून घेऊ नयेत. पिस्टन बरोबर न्यावा, लॉक तिथेच खोबणीत घालून पाहावं आणि शंका आली तर पिस्टन बनवणाऱ्याच कंपनीचं लॉक मागावं. चपट्या सर्क्लिपला आणखी एक पथ्य आहे. ठोकून काढताना त्याची एक कड गोलसर होते आणि दुसरी धारदार राहते. अंगठ्याचं नख दोन्ही कडांवरून फिरवलं की फरक लगेच कळतो. धारदार बाजू पिनच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे बाहेर ठेवायची, कारण भार आला तर तो रिंगला बाहेरच्या भिंतीवरच दाबणार आणि तिथे पूर्ण सपाट कड टेकायला हवी. गोलसर कड त्या भिंतीला लागली तर रिंग हळूहळू वर चढून निसटू शकते. शेपटीवाल्या तारेबद्दलही एक सावधगिरी. शेपटी पकडीला सोयीची, पण तिचं वजन नेमकं पायाच्या टोकाला असतं. बनवणाऱ्याने शेपटीचं लॉक दिलं असेल तर तेच घालावं. साधं दिलेल्या जागी शेपटीचं घालू नये, आणि शेपटी कापून त्याचं साधं लॉकही करू नये. कापलेल्या टोकाची बारीक धार अ‍ॅल्युमिनियमच्या खोबणीला ओरबाडते.

पिस्टन नवा असला तरी खोबण तपासायची असते, आणि जुनाच पिस्टन परत वापरत असाल तर आधी साफ करायची असते. तळाशी जमलेला कार्बन बाहेरून दिसत नाही, पण त्यामुळे लॉक जेवढं आत बसायला हवं तेवढं बसत नाही. लाकडाची किंवा पितळेची टोकदार काडी आणि पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर एवढ्याने काम होतं. पोलादी टोकाने खरवडू नये. मग पिनची लांबी पाहावी. लॉकं न लावता पिन मध्यावर ठेवली की दोन्ही खोबणी पूर्ण उघड्या दिसल्या पाहिजेत, आणि लॉकं लावल्यावर पिनला आडवी हालचाल हाताला जेमतेम जाणवेल इतकीच असावी. पिन लांब असेल तर लॉक पूर्ण बसणार नाही. फार आखूड असेल तर ती दोन लॉकांच्या मध्ये आपटत राहील. पिन आत घालताना हातोडी वापरणं हा खोबण बिघडवण्याचा नेहमीचा मार्ग, आणि रॉड वाकवण्याचाही. घट्ट पिनसाठी उष्णता वापरावी. पिस्टन उकळत्या पाण्यात काही मिनिटं ठेवला तर तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही, आणि १८ मिलिमीटरचं भोक साधारण अडीच शतांश मिलिमीटरने मोठं होतं. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून थंड पिन तेवढ्यावर अंगठ्याने आत जाते. नंतर पिस्टन नीट वाळवून तेल लावावं. ब्लोलॅम्पची ज्योत सरळ पिस्टनवर धरू नये. एका जागी जास्त तापून पिस्टन वाकडा होऊ शकतो.

बसवण्याचा क्रम असा ठेवावा. पिस्टन टेबलावर असतानाच एका बाजूचं लॉक लावून टाकावं, म्हणजे इंजिनावर फक्त एकच लॉक उरतं. टेबलावरचं लॉक त्या बाजूचं निवडावं, जिथे नंतर हात पोचायला अडचण होणार आहे. चेंबरचं तोंड स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने रॉडभोवती पूर्ण बुजवावं. पिस्टनवरचा बाण पुढे आहे की मागे ते पाहून पिन सारावी. गोल तारेचं एक टोक आधी खोबणीत टेकवावं आणि तिथे अंगठा दाबून धरावा. मग उरलेली तार कडेकडेने, बोथट स्क्रूड्रायव्हरच्या पात्याने किंवा दुसऱ्या अंगठ्याने आत सरकवत न्यावी. दोन्ही टोकं नोज प्लायरने एकमेकांवर चढेपर्यंत दाबण्याची गरज नसते. तसं दाबलं की तार नवी असूनही वापरल्यासारखी होते. चपटं सर्क्लिप असेल तर प्लायर खोबणीत उतरण्यापुरतंच मिटावं. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि पिस्टनच्या तोंडावर एक हात किंवा कापड आडवं धरावं, कारण निसटलेलं लॉक सरळ उडतं. ते चेंबरमध्ये गेल्याची नुसती शंका जरी आली, तरी पुढचं काम थांबवून चुंबकाने शोधावं आणि गरज पडली तर इंजिन उलटं करावं. दोन्ही लॉकांचा हिशेब लागल्याशिवाय किक मारायची नाही.

बसल्याचा ‘टक्’ आवाज ऐकू आला म्हणजे काम झालं, असं मानणारे बरेच असतात. आवाज एवढंच सांगतो की लॉकचा एक भाग खोबणीत पडला. उरलेला वर्तुळभर पडला की नाही, ते टॉर्च आणि टोकदार काडी घेऊन तपासावं लागतं. काडी तारेच्या आतल्या काठावरून पूर्ण फिरवावी, कुठेही उंचवटा लागता कामा नये. तार भोकाच्या काठापासून सगळीकडे सारखी आत गेलेली दिसली पाहिजे. चपटं सर्क्लिप प्लायरने किंचित फिरवून पाहता येतं: नीट बसलेलं असेल तर ते घट्ट, सारख्या जोराने सरकतं, आणि मग त्याचं तोंड पुन्हा ठरलेल्या जागी आणावं. पिन एका बाजूने अंगठ्याने दाबून समोरचं लॉक हलतं का तेही बघावं. एवढ्याला दोन-चार मिनिटं लागतात, आणि पूर्ण कामात लॉकबद्दलची खात्री मिळण्याची हीच एक जागा आहे.

उघडलेल्या इंजिनात लॉक आधीच निसटलेलं सापडलं तर नवं घालून पुढे जाणं पुरेसं नाही. खोबणीची बाहेरची भिंत फक्त एकाच बाजूला ठोकून रुंद झालेली असेल, तर पिनला कोणीतरी सतत त्या बाजूला ढकलत होतं असा त्याचा अर्थ. ते कारण रॉड वाकडी असणं, बुश तिरकी बसवलेली असणं किंवा क्रँकपिन एका बाजूला जास्त झिजलेली असणं यांपैकी काही असू शकतं. पिस्टनच्या दोन्ही बाजूंच्या घासल्याच्या खुणाही तिरक्या दिसत असतील तर शंका आणखी बळावते. अशा वेळी रॉडची सरळता टर्नरकडून तपासून घेतल्याशिवाय नवं लॉक घातलं, तर तेही त्याच वाटेने जाईल. भिंत रुंद झालेला पिस्टन वापरात ठेवू नये. ती भिंत परत बांधता येत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे: ‘एवढी काळजी घेणारा मेकॅनिक मिळणार कुठे?’ ज्यांना स्वतः काम करायचं नाही, त्यांनी सगळी प्रक्रिया पाहत उभं राहायची गरज नाही. ब्लॉक चढवण्याआधी बोलवायला सांगावं आणि तेव्हा चार गोष्टी पाहाव्यात. जुनी दोन्ही लॉकं बाहेर पडलेली समोर दिसतात का? नव्या लॉकांची तोंडं वर किंवा खाली आहेत आणि खाचेपासून दूर आहेत का? तार पूर्ण वर्तुळभर सारखी आत आहे का? आणि चेंबरवरचं कापड अजून जागेवर आहे का? चारही उत्तरं होकारार्थी असतील तर ब्लॉक खाली घ्यावा. एकाचंही उत्तर ‘बहुधा’ असं आलं, तर लॉक काढून टाकावं आणि नवं घालावं. काढलेलं परत वापरायचं नसल्यामुळे एखादी जादा जोडी आधीच आणून ठेवावी, म्हणजे दुकान बंद झाल्याची सबब उरत नाही.